एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) टर्निंगला इन्सर्टची धार तुटतेय. स्पीड कमी करू की वाढवू?

भोसरी_नाइटशिफ्ट
नमस्कार मंडळी. भोसरीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, दोन सीएनसी लेथ. आजवर बहुतेक ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) आणि माइल्ड स्टील केलं. आता एसएस ३०४ च्या स्लीव्हची ऑर्डर आली आहे. ६० मिमीचा बार, बाहेरून ५४, आत ३० चं बोअर, शेवटी पार्टिंग (बारापासून कापून वेगळं करणं). कुठे शोल्डर (पायरी) नाही, सरळ जॉब.

इन्सर्ट, म्हणजे बदलायची कार्बाईडची टिप, सीएनएमजी १२०४०८, ईएन ८ ला वापरतो तीच. जी९७ (स्थिर आरपीएमचा कोड) ला ६०० आरपीएम, फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते) ०.१२ मिमी, रफिंगचे तीन कट एकेक मिमीचे, त्यातला शेवटचा जरा कमी घेऊन फिनिशला ०.१ ठेवतो. कूलंट चालू.

ईएन ८ ला एक धार अख्खी शिफ्ट काढते. इथे दहा-बारा जॉबमध्ये खेळ खलास. शिवाय चिप (कापून निघणारी कतरण) तुटत नाही, चकभोवती जटा होतात आणि दर जॉबला मशीन थांबवावं लागतं. सेटर म्हणतो स्पीड कमी करा. इन्सर्ट विकणारा म्हणतो वाढवा. दोघांच्याही आवाजात सारखाच आत्मविश्वास. कुणाचं ऐकू?

गंजलेला_खिळा
स्पीड कमी कर आणि देवाचं नाव घे.

पाव_मायक्रॉन
आधी गेलेल्या धारेचा फोटो टाका. टोक गेलंय, टोकापासून मिमीभर वर खाच पडलीय, वरचा चेहरा खणला गेलाय की खालची बाजू घासलीय? प्रत्येकाचं औषध वेगळं. हे न बघता सल्ला देणं म्हणजे जन्मवेळ न विचारता पत्रिका मांडणं.

शिरोलीकर
आमच्याकडं सगळं बीड (कास्ट आयर्न). कूलंट बंद, चिप म्हणजे नुसती भुकटी, जटाबिटा काही नाही. एसएसवाल्यांचं दुःख वाचून बरं वाटलं. 😀

टर्नर_आबा
भोसरीकर, आधी आरपीएम सोडा, मीटरमध्ये बोला. पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले १०००. ६० व्यासाला ६०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ११३ मीटर. फेसिंग (जॉबचं टोक सपाट करणं) करताना टूल आत सरकतं तसा व्यास कमी होतो. ३० वर आलात की त्याच ६०० ला ५६ मीटर उरतात आणि मध्याशी तर शून्यच. म्हणजे एकच टिप एकाच जॉबवर दुप्पट-निम्म्या स्पीडने चालवताय. जी९६ (व्यास बदलला तरी मीटरमधला स्पीड तोच ठेवणारा कोड) लावा, आणि त्याच्या आधी जी५० ने कमाल आरपीएम बांधून घ्या, नाहीतर फेसिंगला स्पिंडल किंचाळेल आणि बार लांब असेल तर बाहेरच्या टोकाला चाबकासारखा फिरेल.

आता स्पीड कमी की जास्त. आम्ही टूलरूममध्ये एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल हाताने घासून ३०४ करायचो तेव्हा १५-२० मीटर चालायचे, कारण धार वस्तऱ्यागत तेज, वरचा उतार भरपूर आणि कटिंग ऑइल. कार्बाईडची धार मुद्दाम बारीक गोल केलेली असते, ती तुटू नये म्हणून. ती टिप कमी स्पीडला ३०४ वर चालवली की मटेरियल धारेवर चिकटतं, थर वाढतो, मग निघून जातं, आणि जाताना कार्बाईडचा कण सोबत नेतं. लोक त्याला ‘टिप तुटली’ म्हणतात. टिप तुटलेली नसते, सोललेली असते.

गंजलेला_खिळा
म्हणजे देवाचं नाव घ्यायचं, पण स्पीड वाढवून?

सातपूरची_सई
आबांशी सहमत, पण ‘वाढवा’ असं सरसकट सांगितलं तर उद्या कुणीतरी ईएन २४ सारख्या चिवट स्टीलवर वाढवेल आणि शिव्या इथे येऊन देईल. म्हणून थोडं सविस्तर.

फ्रेडरिक टेलरने १९०६ मध्ये जे सूत्र मांडलं ते आजही चालतं: स्पीड गुणिले आयुष्याचा एन-वा घात बरोबर एक स्थिरांक. कार्बाईडला एन साधारण ०.२५ धरतात. म्हणजे स्पीड २० टक्के वाढवला तर धारेचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणूनच प्रत्येक सेटरच्या डोक्यात ‘स्पीड कमी’ हे पक्कं बसलंय, आणि ईएन ८ वर खालची बाजू एकसारखी घासून टिप जात असेल तर तो बरोबरच असतो. पण हे सूत्र घासून झिजणाऱ्या टिपेचं आहे. मटेरियल चिकटून जाणाऱ्या टिपेला ते लागू पडत नाही. त्या पट्ट्यात स्पीड कमी केला तर आयुष्य आणखी घटतं. कार्बाईडला ३०४ वर १५० ते २०० मीटर ही नेहमीची जागा आहे.

दुसरी गोष्ट, ३०४ कापताना पृष्ठभाग कडक होतो. प्रत्येक कट मागे एक पातळ कडक थर सोडून जातो. पुढचा कट त्या थराच्या खाली गेला तर धार मऊ मटेरियलमध्ये चालते. तुमचा फिनिश कट ०.१ चा, म्हणजे धार जवळजवळ पूर्ण त्या कडक सालीतच चालते. आणि फीड ०.१२ असताना गोल केलेली धार कापण्याऐवजी बरंचसं दाबते, घासते, त्यामुळे थर आणखी कडक. हळू फीड दिला की टिपेला आराम मिळतो ही समजूत एसएसमध्ये उलटी पडते.

तिसरी, ग्रेड, म्हणजे टिपेची जात. डब्यावर निळी पट्टी आहे ना? ती स्टीलसाठी. स्टेनलेसची पिवळी, बिडाची लाल. पिवळ्याची धार तेज असते, बहुतेक वेळा पातळ पीव्हीडी (बाष्पातून बसवलेलं) कोटिंग आणि चिपब्रेकरचा (चिप मोडणाऱ्या वरच्या खोबणीचा) आकार वेगळा. जटांचं निम्मं उत्तर त्यात आहे, उरलेलं निम्मं फीडमध्ये. चिपब्रेकरला चिप जाड लागते. ०.१२ ची पातळ चिप त्याच्यावरून नुसती घसरत जाते.

फोटो मात्र टाकाच.

रिटर्न_गँगपास
वाचनखूण साठवली. सईताई, तुम्ही क्लास काढा.

भोसरी_नाइटशिफ्ट
फोटो मोबाईलने नीट येत नाही. दहापट भिंगातून जे दिसलं ते लिहितो. खालची बाजू फारशी घासलेली नाही. टोकावर चांदीसारखं चकचकीत मटेरियल चिकटलंय, नखाने निघत नाही. आणि टोकापासून बरोबर एक मिमीवर, जिथे कटची वरची कड येते तिथे, उंदराने कुरतडल्यासारखी खाच. चेहऱ्यावर खड्डा वगैरे नाही. पट्टी निळीच आहे. दोन धारांना खाचेपासून भेग जाऊन कोपरा उडालाय.

पाव_मायक्रॉन
आता मजा आली. दोन आजार आहेत. टोकावरचं चिकटणं स्पीड-ग्रेडचं. खाच मात्र आधीच्या कटने केलेल्या कडक सालीची. ती साल बरोबर एकाच जागी धारेला घासते, कारण तुमचे रफिंगचे कट एकाच मापाचे आहेत.

बाजूने एकूण ३ मिमी काढायचेत. १, १, ०.९, ०.१ ऐवजी १.६, १.० आणि ०.४ असे पाडा. बेरीज तीच, पण साल दर वेळी धारेच्या वेगळ्या जागी येईल आणि शेवटचा कट कडक थराच्या खालून जाईल.

सूटेबल_वाल्व्ह
फिनिशला ०.४ घेतला तर साईज धरेल का? आमच्याकडे फिनिश ०.१ च्या वर गेला की क्वालिटीवाला भुवया उंचावतो.

पाव_मायक्रॉन
उलट जास्त चांगली धरते. ०.८ नोजच्या (टोकाच्या गोलाईची त्रिज्या, मिमीत) टिपेने ०.१ चा कट घेतला की फक्त नोजचा गोल भाग कापतो आणि टूल जॉबपासून दूर ढकललं जातं. कधी कापतं, कधी घसरतं, म्हणून एका जॉबला दोन शतांश मिमी मोठं, पुढच्याला लहान. ऑफसेट मारत बसावं लागतं. अगदी कमी कट घ्यायचाच असेल तर ०.४ नोजची टिप लावा.

फिनिशचं गणित सोपं आहे: फीडचा वर्ग भागिले आठ पट नोज. ०.८ नोज आणि ०.२ फीडला ६.२५ मायक्रॉनची उंच-सखल, ०.४ नोजला त्याच फीडवर दुप्पट, १२.५. म्हणून ०.४ लावलात तर फीड ०.१ च्या आसपास आणा, ३ मायक्रॉनच्या जवळ येतं. हे कागदावरचं, चॅटर (कापताना टूलचं थरथरणं) नसताना.

शिरोलीकर
मगाशी हसलो, आता कामाचं. बिडालाही हाच रोग होतो, कारण वेगळं. कास्टिंगच्या सालीत वाळू असते आणि पातळ कडेला बीड पटकन थंड होऊन पांढरं, काचेसारखं कडक होतं. पहिला कट कमी घेतला की टिप त्या सालीत फिरत बसते. आम्ही पहिला कट सालीच्या खालून घेतो, मग भले लोड वाढू दे. नवीन पोरगं ‘जपून’ म्हणून अर्धा मिमी घेतं आणि डबाभर टिपा खाऊन टाकतं.

आणि भावा, एकदा कूलंट बंद करून बघ की. आमच्याकडं नाद खुळा चालतं.

सातपूरची_सई
शिरोलीकर, बीड कोरडं चालतं कारण ग्राफाईट स्वतःच वंगण देतं. ३०४ मध्ये उष्णता वाहून जात नाही, धारेपाशीच साठते. टर्निंगला कूलंट लागणारच, आणि धारेवर लागणारच. नळी जॉबला आंघोळ घालतेय आणि धार कोरडी, हे दृश्य मी फार बघितलंय.

कोरडं कुठे, तर मिलिंगला. कटर फिरताना प्रत्येक टिप तापते-थंड होते, वर कूलंट अर्धवट लागला की धारेला काटकोनात बारीक भेगा पडतात आणि मग धार तुकड्यातुकड्याने गळते. तिथे एक तर कूलंटचा पूर सोडा, नाहीतर हवा मारा. थेंबथेंब सगळ्यात वाईट.

टाकीवाला
कूलंटचा विषय निघालाच आहे तर: भोसरीकर, टक्का किती? ‘दुधासारखं दिसतंय’ हे माप नाही. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्याचं वाचन तेलाच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणा. नुसता आकडा वाचून लोक पाच समजतात आणि असतं वेगळंच. एसएसला मी ८ च्या खाली जात नाही. आणि पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नाही.

गंजलेला_खिळा
आमच्या टाकीत सोमवारी सकाळी उदबत्ती लावतात. मशीनला नव्हे, वासाला.

टाकीवाला
रविवारी मशीन बंद, वर स्लाइडवेच्या तेलाचा थर, खाली हवा पोचत नाही, जंतूंची पार्टी. तेलाचा थर शनिवारी संध्याकाळी काढून घ्या आणि सुट्टीत टाकीत हवेची नळी सोडून ठेवा. माश्यांच्या टाकीचा पंपसुद्धा चालतो. उदबत्तीचा खर्च वाचेल.

नवशिका_प्रोग्रामर
मधेच घुसतो, माफ करा. माझं बोअरिंग चॅटर मारतंय. ४५ चं बोअर, ८५ खोल, २० चा स्टीलचा बार ११० बाहेर. स्पीड कमी-जास्त करून थकलो. आवाज असा की शेजारच्या गाळ्यातले बघायला येतात.

श्टुटगार्टकर
११० भागिले २० म्हणजे साडेपाच पट. स्टीलच्या बारची मर्यादा साधारण चार पट, कार्बाईडच्या बारची सहा. स्पीडला दोष देऊ नका. बार वाकणं बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं. ८५ खोलीला ९० पुरे. एवढ्यानेच वाकणं जवळजवळ निम्म्यावर येईल. त्यावर २५ चा बार लावला, ४५ च्या बोअरमध्ये आरामात जातो, तर मूळच्या पाव हिश्शाखाली.

शिवाय बार दोन ग्रबस्क्रूवर टेकवलाय की पूर्ण पकडणाऱ्या स्लीव्हमध्ये? स्क्रूवर टेकलेला बार कितीही जाड असला तरी गातो. नोज ०.८ असेल तर ०.४ करा, बाजूचा दाब कमी होतो. इथे जर्मनीतही बार आखडता न घेता लावणारे पुष्कळ आहेत, फक्त चॅटरचा आवाज जरा शिस्तीत येतो.

नवशिका_प्रोग्रामर
स्क्रूवरच आहे. 🙏

लोखंडी_चणे
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मटेरियल खरंच ३०४ आहे का ते कुणी विचारलंच नाही. बाजारात ३०४ सांगून २०० मालिकेतलं देतात. चुंबक लावून बघा.

टर्नर_आबा
चुंबकाने हे कळणार नाही हो. २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. उलट थंड ओढलेल्या ३०४ च्या बाराला थोडासा चिकटतो आणि लोक चांगला माल परत पाठवतात. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं आणि ते कापताना ३०४ पेक्षाही जास्त कडक होतं. एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) असलेल्या लॅबमधून तुकडा तपासून घ्या, नाहीतर मँगेनीज ओळखणारा थेंब मिळतो तो टाका. आणि गिऱ्हाईक तयार असेल तर ३०३ विचारा. गंधकामुळे चिप मस्त तुटते. पण गंज आणि वेल्डिंगच्या बाबतीत ते ३०४ ची बरोबरी करत नाही, तेव्हा न विचारता बदलू नका.

सूटेबल_वाल्व्ह
अवांतर: सीएनएमजीला चार धारा असतात. आमचा स्टोअरकीपर पाचवी मागतो. रिकाम्या टिपा मोजून घेतल्याशिवाय नवीन देत नाही.

पाव_मायक्रॉन
त्याला हसू नका, पाचवी खरंच असते. ८० अंशाचे कोपरे संपले की १०० अंशाचे उरतात, आणि ते ७५ अंशाच्या होल्डरमध्ये चालतात. शोल्डर काटकोनात मारता येत नाही एवढंच.

आणि थांबा, हे भोसरीकरांनाच उपयोगी आहे! त्यांच्या जॉबला शोल्डर नाही. ७५ अंशाला कट तिरका बसतो, चिप पातळ आणि धारेवर पसरलेली, म्हणजे ती साल एका टिंबावर न घासता लांबीवर विभागली जाते. खाचेचं हेच जुनं औषध. रफिंग त्यानेच करा, भंगारात टाकायच्या टिपांनी. त्या निळ्या असल्या तरी प्रयोगाला फुकट आहेत.

सूटेबल_वाल्व्ह
हे स्टोअरकीपरला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

सातपूरची_सई
भोसरीकर, एवढे सल्ले झाले. कृपया सगळे एकदम लावू नका. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच धार भिंगाखाली. नाहीतर सुधारलं तरी कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या मटेरियलला पुन्हा इथेच याल. (या, पण तरी.) टिप बदलताना खालची शिम (आधाराची पातळ पट्टी) पण बघा. कोपरा उडाला की शिमलाही टवका जातो आणि त्यावर बसवलेली नवी टिप अधांतरी राहते.

भोसरी_नाइटशिफ्ट
अपडेट. शिमला टवका होताच, बदलली. मग फक्त ग्रेड बदलली, पिवळी पीव्हीडी. कोपरा उडणं थांबलं, पण टोकावर चिकटणं चालूच. मग जी९६ ला १६० मीटर, जी५० ला २०००. चकचकीत थर गेला, हे डोळ्यांनी दिसलं. फीड ०.२ केल्यावर चिप इंग्रजी सहाच्या आकारात तुटून ट्रेमध्ये पडायला लागली. सेटर पहिल्यांदा दार लावून उभा होता, आता खुर्ची घेऊन बसतो.

खाच अजून पडते. १.६, १.०, ०.४ केल्यावर उथळ झालीय, पण आहे. धार आता अर्ध्या शिफ्टला बदलतो, खाच बघून, तुटायची वाट न बघता. ७५ अंशाचा होल्डर उधार आणलाय, अजून लावला नाही.

मटेरियल लॅबला दिलंय.

गंजलेला_खिळा
सेटरने मान्य केलं का?

भोसरी_नाइटशिफ्ट
तो म्हणतो हेच तो आधीपासून सांगत होता.

लोखंडी_चणे
लॅबचा रिपोर्ट आला की टाका. मँगेनीज २ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. वर असेल तर आधी माल देणाऱ्याला फोन करा, टिपा नंतर.

टर्नर_आबा
आणि त्या जटा ओढायला पोरांना हुक द्या. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ हात नेऊ देऊ नका. ३०४ ची चिप तुटत नाही, बोट तुटतं.

रसायनी_बाबू
ॲल्युमिनिअमला पण टिपेवर मटेरियल चिकटतं. तिथेही पिवळी टिप चालेल का?

सातपूरची_सई
नाही. हिरवी पट्टी, कोटिंग नसलेली, चकाकी दिलेली टिप. आणि स्पीड तुमच्या मशीनला झेपेल तेवढा. पण बाकीचं नवीन धाग्यात विचारा, इथे भोसरीकरांचा रिपोर्ट यायचाय.